कोणीतरी आधी घेतलेली गोळी

आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, अशी एक गोळी महाराष्ट्रातल्या अनेक घरांत ओळखीची झाली आहे. तिचे नाव ॲलेन्ड्रोनेट. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांना ती दिली जाते. वेष्टनावर किंमत असते, मुदत असते, कंपनीचे नाव असते. ही गोळी भरवशाची आहे हे कळावे म्हणून २,०२७ बायकांनी सुमारे तीन वर्षे, आपण नेमके काय गिळतो आहोत हे माहीत नसताना, रोज एक गोळी घेतली, हे मात्र कुठे छापलेले नसते.

या बायका अमेरिकेतल्या होत्या. वय ५५ ते ८१, बहुतेक सगळ्या गोऱ्या. प्रत्येकीच्या पाठीचा किमान एक मणका आधीच दबलेला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले गेले. एका गटाच्या गोळीत औषध होते, दुसऱ्या गटाच्या गोळीत नव्हते. कोणाला काय मिळते आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. औषध नसलेल्या गटात शंभरातल्या १५ जणींचा आणखी एखादा मणका दबला होता, औषधाच्या गटात ८ जणींचा. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाणही जवळपास निम्म्यावर आले होते. आज पुण्याचा किंवा लातूरचा डॉक्टर ‘ही गोळी घ्या, उपयोग होतो’ असे सांगतो, त्यामागे हा हिशेब आहे. आणि या हिशेबात औषध मिळालेल्यांपेक्षा न मिळालेल्यांचा वाटा काकणभर जास्तच आहे. त्या गटातल्या १४५ जणींचे मणके दबले नसते, तर औषधाने किती वाचवले हे कळायला मार्गच नव्हता.

असल्या चाचणीत भाग घ्याल का, हा प्रश्न आपल्याकडच्या पन्नाशी-साठीच्या बाईला सहसा कोणी विचारत नाही. विचारला गेलाच तर तो तिच्या मुलाला विचारला जातो, आणि ‘आमच्या आईवर कसले प्रयोग करता?’ असे उत्तर मिळते. त्या उत्तरात माया असते, तशी थोडी सोयही असते. आईला काय वाटते, हे त्यात कुठेच येत नाही.

हाडांच्या बाबतीत चाचण्यांवाचून भागत का नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. जुने हाड पोखरणाऱ्या पेशी आणि त्या जागी नवे भरणाऱ्या पेशी यांचे काम जन्मभर चालू असते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पोखरणाऱ्यांना लगाम घालते. पाळी थांबली की तो लगाम सुटतो आणि पुढची काही वर्षे भरण्यापेक्षा पोखरणे जास्त होते. अमेरिकेतले फुलर अलब्राइट यांनी १९४१ च्या सुमारास हे नाते मांडले. आता वाटेल, यावर उपाय सोपा आहे. हाडाची घनता वाढवणारे औषध शोधायचे, डेक्सा तपासणीत आकडा वाढला की काम झाले. संशोधकांनाही एके काळी तसेच वाटत होते.

फ्लोराइडने तो समज मोडला. सोडियम फ्लोराइडने हाडे भरीव होतात हे दिसत होते, युरोपातल्या काही देशांत ते ठिसूळ हाडांसाठी दिलेही जात होते. अमेरिकेत २०२ स्त्रियांवर चार वर्षे त्याची रीतसर चाचणी झाली. १९९० मध्ये जाहीर झालेल्या निकालात कमरेच्या मणक्यांची घनता तब्बल ३५ टक्क्यांनी वाढलेली होती. एवढेच मोजले असते तर औषध कमालीचे यशस्वी ठरले असते. पण चाचणी करणाऱ्यांनी मोडलेली हाडेही मोजली होती. मणके दबण्याचे प्रमाण म्हणावे तसे कमी झाले नव्हते, आणि मणक्यांखेरीज इतर हाडे मोडण्याच्या घटना फ्लोराइडच्या गटात ७२ होत्या, तर दुसऱ्या गटात २४. हाड दिसायला भरले होते, पण कणखर झाले नव्हते. विदर्भात यवतमाळ, चंद्रपूरकडे ज्या गावांच्या विहिरींत फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या लोकांना हे निराळे समजावून सांगायला नको. एक्स-रेवर पांढरीशुभ्र, घट्ट दिसणारी हाडे आणि वाकता न येणारी पाठ त्यांनी घरातच पाहिलेली असते.

म्हणून आता नव्या औषधाला ‘आकडा वाढला’ एवढ्यावर सहजी सोडत नाहीत. हाड मोडायचे थांबते का, हे पाहावे लागते. ते पाहायला हजारो स्त्रिया लागतात, वर्षे लागतात, आणि ज्यांना औषध मिळत नाही असा एक गट लागतो. यात निराशाही पदरी येते. ओडानाकॅटिब नावाची आठवड्याला एकदा घ्यायची गोळी १६ हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत तपासली गेली. खुब्याचे हाड मोडणे जवळपास निम्म्यावर आले, २०१२ मध्ये तर परिणाम इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्यापेक्षा लवकर आटोपावी असा सल्ला दिला गेला. त्या स्त्रियांवर पुढेही लक्ष ठेवले, तेव्हा पक्षाघाताचा धोका वाढल्याचे दिसले आणि २०१६ मध्ये मर्क कंपनीने औषध सोडून दिले. ते दुकानात आलेच नाही. वर्तमानपत्रात याची बातमी ‘औषध अपयशी’ अशी होते. वास्तविक चाचणी यशस्वी झाली होती.

संप्रेरकांच्या गोळ्यांची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन बाहेरून दिले की हाडे आणि हृदय दोन्ही राखली जातात, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासात १६,६०८ स्त्रियांवर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिनची जोडगोळी तपासली गेली आणि २००२ मध्ये ती चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. खुब्याचे हाड मोडणे एक तृतीयांशाने कमी झाले, हे खरे ठरले. पण स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या वाढल्या आणि हृदय राखले जाण्याची आशा खोटी ठरली. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, त्यामुळे पन्नाशीच्या बाईला तोच हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही, ही दुरुस्तीही पुढे त्याच अभ्यासाच्या आकड्यांतून निघाली. याच अभ्यासाने कॅल्शिअम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्याही ३६ हजारांहून अधिक स्त्रियांवर तपासल्या. हाडांना फायदा जेमतेम, मूतखडे मात्र थोडे वाढले. जाहिरातींत दिसणारी ‘चाळिशीनंतर रोज एक’ ही घोषणा या निकालापुढे टिकत नाही, पण जाहिराती काही थांबलेल्या नाहीत.

तर मग आपल्याकडच्या बायकांनीही पुढे यावे का? यावे. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पश्चिमेत ती ५१ च्या आसपास थांबते. हाडांची झीज इथे लवकर सुरू होते. जेवणात कॅल्शिअम कमी, ड जीवनसत्त्वाची कमतरता भर उन्हाच्या देशात सर्रास, बाळंतपणे आणि पाण्याचे हंडे वेगळेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००५ मध्ये गरीब घरांतल्या ३० ते ६० वयाच्या स्त्रियांची हाडे मोजली, तेव्हा पन्नाशी न गाठलेल्यांतही झीज दिसली होती. रोजच्या आहारात त्यांना कॅल्शिअम पावशेर दुधात असते जवळपास तेवढेच, म्हणजे २७० मिलिग्रॅमच्या आसपास मिळत होते. अशा शरीरांना मिनेसोटातल्या बायकांवर बेतलेली मात्रा लागू पडते का, हे कोणीतरी पाहायला हवे.

पण ‘यावे’ म्हणताना लगेच एक ‘मात्र’ येतो, आणि तो बारीक नाही.

चाचणी म्हणजे उपचार नव्हे. ही गोष्ट संमतिपत्रात लिहिलेली असते, तरी मनात उतरत नाही. ज्या डॉक्टरांवर पंधरा वर्षे विश्वास ठेवला तेच सांगतात, म्हणजे आपल्या भल्याचेच असणार, असे साधे गणित असते. उपचार करणारा डॉक्टर समोरच्या बाईला काय हवे ते निवडतो. चाचणीत ते चिठ्ठी ठरवते. डॉक्टर तोच, खुर्ची तीच, पण भूमिका बदललेली असते. हे स्पष्ट शब्दांत, चहा पितापिता सांगावे तसे सांगणारा डॉक्टर विरळा.

दुसरा मुद्दा औषधाविना असलेल्या गटाचा. १९९० च्या दशकात खात्रीचे औषध नव्हते, तेव्हा अशा गटात राहणे समजण्यासारखे होते. आता चार-पाच औषधे सिद्ध झाली आहेत. जिचे मणके आधीच दबले आहेत अशा बाईला केवळ कॅल्शिअमवर दोन-तीन वर्षे ठेवणे, मग ते चाचणीच्या नावाखाली का असेना, समर्थनीय नाही. नव्या औषधाची तुलना जुन्या सिद्ध औषधाशी करावी. रोमोसोझुमॅबची तशी झाली, २०१७ मध्ये, ॲलेन्ड्रोनेटशी, आणि हृदयविकार व पक्षाघाताबद्दलची शंका तिथेच पुढे आली. आता ते औषध ठळक इशाऱ्यासह विकले जाते.

भारतात मात्र या चाचण्यांचे चित्र आणखी निराळे आहे. इथल्या कंपन्या डेनोसुमॅब, टेरिपॅराटाइड यांसारख्या महागड्या औषधांच्या स्वस्त प्रतिकृती बनवतात, आणि त्या मूळ औषधासारख्याच चालतात का हे रजोनिवृत्त स्त्रियांवर पाहावे लागते. इथे प्रत्येकीला औषध मिळते, त्यामुळे वरचा प्रश्न येत नाही. येतो तो शेवटच्या दिवसाचा. डेनोसुमॅब हे सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन. २००९ च्या मोठ्या चाचणीत त्याने मणके दबण्याचे प्रमाण तीन वर्षांत ७.२ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आणले. औषध उत्तम आहे. पण ते मध्येच बंद केले आणि जागी दुसरे काही दिले नाही, तर राखलेले हाड भराभर झिजते आणि काही स्त्रियांचे एकाच वेळी अनेक मणके दबतात. आता समजा वर्षभराची चाचणी आहे. दोन इंजेक्शने झाली, मोजमापे झाली, फाइल बंद झाली. तिसरे इंजेक्शन कोण देणार? किंवा त्याऐवजी जे औषध द्यायला हवे ते कोण लिहून देणार, त्याचे पैसे कोण भरणार?

२०१९ चे नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचणी नियम म्हणतात की चाचणीनंतर औषध मोफत द्यायचे ते त्या आजाराला दुसरा उपचार उपलब्ध नसेल तेव्हा. ठिसूळ हाडांना दुसरे उपचार आहेत. म्हणजे नियमाने कंपनी मोकळी. प्रत्येक रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीने हा एक प्रश्न तरी परवानगी देण्यापूर्वी विचारायला हवा आणि त्याचे उत्तर संमतिपत्रात मराठीत लिहून घ्यायला हवे. कायद्याने भाग पाडले नाही म्हणून विचारू नये, असा काही नियम नाही.

याच नियमांत नुकसानभरपाईचे सूत्र आहे. चाचणीमुळे मृत्यू आला तर आठ लाखांच्या मूळ रकमेला वयाचा गुणक लावायचा आणि जोखमीचा गुणक लावायचा. वयाचा गुणक ४० व्या वर्षी १८४.१७ असतो, ६५ आणि त्यापुढे ९९.३७. म्हणजे बाकी सारे सारखे असताना पासष्टीच्या बाईच्या जिवाची रक्कम चाळिशीच्या बाईच्या निम्म्याहून थोडी जास्त. कामगारांच्या कायद्यातला हा गुणक कमावण्याच्या उरलेल्या वर्षांवर बेतलेला आहे. ज्या आजाराच्या चाचण्यांना मुळात म्हाताऱ्या बायकाच लागतात, तिथे तो लावणे विचित्रच. त्याच नियमांतल्या संमतिपत्रात व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ असा पर्याय आहे आणि त्याखाली वार्षिक उत्पन्न विचारले आहे. तिथे काय लिहिले जाते, हे सांगायला नको.

संमतीची प्रक्रिया कागदावर चांगली आहे. भाषा तिला कळेल अशी हवी, वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा, कधीही बाहेर पडता येते, त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. २०१३ च्या आसपास सर्वोच्च न्यायालयात चाचण्यांतल्या गैरप्रकारांवरून जनहित याचिका गाजली, त्यानंतर बरीच सुधारणा झाली. एक बारीक वाक्य मात्र तसेच आहे. माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत सहभागी व्यक्तीला ‘किंवा तिच्यासोबतच्या व्यक्तीला’ द्यायची. आपल्याकडे सासूबाईंसोबत कोण येते आणि कागद कोणाच्या पिशवीत जातात, हे माहीत असलेल्या कोणालाही या ‘किंवा’चा अर्थ कळेल. प्रत तिच्याच हातात पडली पाहिजे. ती घरी नेऊन, चष्मा लावून, दोन दिवस वाचून मग ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची मुभा पाहिजे. घरच्यांशी बोलावे, जरूर बोलावे, पण सही तिची आहे.

तिने विचारावे असे फार काही अवघड नाही. चाचणी सरकारच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे का आणि नोंदणी क्रमांक काय? २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे. मला सध्या चालू असलेले औषध बंद करावे लागेल का? चाचणी संपल्यावर माझ्या हाडांचे काय? निकाल लागला की मला कोण कळवणार? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी उत्तर नसते. रजिस्ट्री इंग्रजीत, शोधनिबंध इंग्रजीत, आणि जिच्या मणक्यांचे फोटो त्यात मोजलेले आहेत तिला आपण कोणत्या गटात होतो हेही पुष्कळदा कळत नाही. दोन पानी मराठी निकालपत्र छापायला असा कितीसा खर्च येतो?

राहता राहिला प्रश्न चाचण्या कशाच्या व्हाव्यात याचा. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे अशा १३ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांची नोंद आली. त्यांतल्या कित्येकी पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले असेल तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. अंडाशय ठेवले तरी ती काही वर्षे अलीकडे सरकू शकते. या बायका डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. त्यांच्या हाडांचे पन्नाशीत काय होणार, हा जगातल्या कुठल्याही कंपनीचा प्रश्न नाही. मोठ्या औषध चाचण्यांत प्रवेशाचे वयच बहुधा पंचावन्न-साठच्या पुढे सुरू होते. त्यांच्यासाठी चाचणी कोणी केली तर ती सरकारी पैशातूनच होईल.

हे अशक्य नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी कंपनीला परवडणार नाही असा प्रश्न विचारला: औषध किती कमी वेळा दिले तरी चालेल? झोलेड्रॉनिक ॲसिडचे सलाइन एरवी वर्षातून एकदा देतात. त्यांनी ५० ते ६० वयाच्या १,०५४ स्त्रियांना घेतले. एका गटाला सुरुवातीला आणि पाच वर्षांनी असे दोनदा औषध, एका गटाला फक्त सुरुवातीला एकदा, एका गटाला औषधच नाही, आणि दहा वर्षे वाट पाहिली. २०२५ च्या जानेवारीत निकाल आला. औषध न मिळालेल्या गटात ११.१ टक्के स्त्रियांचे मणके दबले होते, दोनदा मिळालेल्यांत ६.३ टक्के, एकदाच मिळालेल्यांत ६.६ टक्के. दहा वर्षांत एक सलाइन! ज्या बाईला दर सहा महिन्यांनी जिल्ह्याच्या गावी यायला एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोज परवडत नाही, तिच्यासाठी याहून महत्त्वाचा आकडा गेल्या काही वर्षांत हाडांच्या संशोधनातून आलेला नाही.

झोलेड्रॉनिक ॲसिड भारतीय कंपन्या बनवतात. आपल्या सरकारी रुग्णालयांत ते कर्करोगाच्या रुग्णांना दिलेही जाते. पण शरीरात ड जीवनसत्त्व कमी असताना हे सलाइन दिले तर रक्तातले कॅल्शिअम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, म्हणजे आधी ती कमतरता भरून काढावी लागते. तूर-ज्वारीच्या जेवणावर, चाळिशीतच पाळी गेलेल्या आणि रोज मोळ्या उचलणाऱ्या बाईला ते किती वर्षे पुरेल, हे ऑकलंडच्या बायकांना विचारून कळणार नाही.